नाण्याएवढी मोकळीक

गाडी कायमची नीट झाली असती तर धाकट्याच्या पदरात काय पडलं असतं? एक "बरं झालं", आणि मग रिकामी दुपार. आणि गाडी थोडी नडत राहिली तर? दर दुसऱ्या बाजाराच्या दिवशी एक अख्खी दुपार, समोरच्या लाकडी खोक्यावर बसलेला सख्खा भाऊ, दोन कप चहा आणि मोजून तीस-चाळीस वाक्यं. सौदा सरळ होता. धाकट्याने तो केला होता, आणि एकट्यानेच केला आहे अशी त्याची समजूत होती.

धाकट्याचं गॅरेज गावाच्या अगदी टोकाला. तिथे डांबर संपतं आणि मुरमाचा रस्ता तीन वळणं घेत माळावर चढतो. वर पत्रा, खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन, मागे एक खोली. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर कायम धुतलेले कपडे. त्याचं लग्न राहून गेलं होतं. दोनदा ठरता ठरता राहिलं, तिसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही. गावाची निम्मी वाहनं त्याच्या हाताखालून जायची, पण त्याची स्वतःची सायकलसुद्धा नव्हती. जायचं होतं कुठे?

थोरला वर माळावर राहायचा. चाळीस पेट्या मधमाशांच्या आणि एक घर. मुलगी लग्न होऊन शहरात. बायको चार वर्षांपूर्वी तापाने गेली. त्या दिवशी अंगणात वीसएक माणसं बसली होती. कोणी बोलत नव्हतं. ती शांतता धाकट्याला सोसवेना, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "वहिनीला दोन दिवस आधी खाली आणलं असतं तर..."

वाक्य त्याने पुरंही केलं नाही. पण तो "तर" तिथेच अंगणात लटकत राहिला, आणि त्याच्याखालून दोघांपैकी कोणालाही जाता येईना. पुढे साडेतीन वर्षं थोरला बाजाराला यायचा, साखर घ्यायचा आणि गॅरेजवरून नाकासमोर बघत निघून जायचा.

एक दिवस त्याच्या मोटरसायकलची क्लचची केबल तुटली. तुटायला सगळा रस्ता होता, पण तुटली ती नेमकी गॅरेजसमोर.

"मिस्त्री," थोरला म्हणाला, "केबल आहे का?"

मिस्त्री! सारं गाव त्याला मिस्त्रीच म्हणायचं, त्याचं काही नाही. पण घरातलं माणूस कधी म्हटलं नव्हतं. घरात तो धाकट्या होता. मग धाकट्यानेही "दादा" हा शब्द गिळून टाकला. "तू" म्हणावं तर सलगी, "तुम्ही" म्हणावं तर परका. त्याने मधली वाट काढली.

"आहे. बसायचं का तोवर?"

"बसतो."

"चहा घ्यायचा?"

"चालेल."

असं सगळं कोणाचंच नाव न घेता चाललं. मराठीत ही सोय चांगली आहे. माणसाला हाक न मारताही त्याला चहा पाजता येतो.

क्लचच्या दांडीला थोडी मोकळीक ठेवावी लागते. दांडीच्या मुळाशी एक नाणं सहज सरकेल एवढी फट. तेवढा हात फुकट जातो, मग केबल ताणते. ही फट नसली तर काय होतं? दांडी कोणी दाबलेलीच नाही, तरी आत क्लच अर्धा दाबलेला राहतो. प्लेटा एकमेकींना घट्ट धरत नाहीत. इंजिन बोंबलतं, चाकाला ऐकू जात नाही. चढावर तर विचारूच नका.

पहिल्या खेपेला धाकट्याने नाण्याएवढी फट बरोबर ठेवली. त्याची शिक्षा म्हणून थोरला दोन महिने फिरकला नाही. मग तेल बदलायला आला, तेव्हा धाकट्याने दहा नंबरचा पाना घेतला आणि इंजिनकडचा नट दीड आटा फिरवून केबल ताणली. कुठवर फिरवला ते कळावं म्हणून नटावर खिळ्याने बारीक रेघही मारली.

पंधरा दिवसांत थोरला हजर.

"मिस्त्री, चढावर नुसती ओरडते. पुढे सरकत नाही."

"बघू. बसायचं."

तेव्हापासून हे चालू झालं. एक आटा सैल करायचा, अर्धा परत घ्यायचा. कधी म्हणायचं तेल जुनं झालं, कधी म्हणायचं हवा दमट आहे. अकरा दुपारी अशा जमल्या. बोलणं फक्त गाडीचं. पण गाडीच्या बोलण्यात काय काय येतं! चढ आला की माळ येतो, माळ आला की पाऊस, पाऊस आला की मधमाशा. वहिनी तेवढी कधी आली नाही.

बाराव्या दुपारी ऊन असं होतं की पाना हातात धरवत नव्हता. शेजारच्या पिठाच्या गिरणीतून उडालेलं पीठ हवेतच वाळून तरंगत होतं. थोरला आला तो गाडी ढकलत. पाठीमागे साखरेचं पोतं बांधलेलं. माळावर फुलं संपली की माशांना साखरपाणी द्यावं लागतं, त्यासाठीचं.

"आज पहिल्या वळणालाच बसली, मिस्त्री."

"बसली म्हणजे?"

"म्हणजे मी मूठ पिळतोय, इंजिन गळा काढतंय, आणि शेजारून एक शेळी चालत पुढे गेली. जाताना माझ्याकडे वळून बघितलंन."

"शेळीला क्लच नसतो, म्हणून!" गिरणीवाली दारातून ओरडली. तिच्या भुवया पिठाने पांढऱ्या, पदर कमरेला खोचलेला. गिरणीच्या आवाजात दिवसभर ओरडून ओरडून तिला हळू बोलता येत नव्हतं. "आमचा पट्टा घसरला की मी राळ लावते. तुम्ही सहा महिने काय लावताय भाऊ, अत्तर?"

धाकट्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

थोरल्याने पोतं सोडून खाली ठेवलं. खोक्यावर बसला. चहा नको म्हणाला. मग गाडीकडे बघत म्हणाला, "उद्या सकाळी गिऱ्हाईक येतंय. गाडीला."

"विकायची?"

"पोरगी ऐकत नाही. म्हणते, या वयात त्या घसरत्या गाडीवर वर-खाली करायचं नाही. पेट्यासुद्धा एकजण घेतो म्हणालाय. मी तिला काल सांगितलं, उद्या साखर घेऊन गाडी वर चढली तर मी इथेच राहणार. नाही चढली तर तुझ्याकडे येतो." त्याने घाम पुसला. "नाही चढली."

गिरणीवालीने पदराने भुवयांवरचं पीठ पुसलं.

धाकट्याच्या डोक्यात सगळं एकदम उलटंपालटं झालं. त्याने जे ओढून धरलं होतं ते त्याच्याच ओढण्याने सुटत होतं. शहर म्हणजे बसने आठ तास. तिकडे थोरला एकदा गेला की कोणाची केबल तुटणार आणि कुठे तुटणार?

"दिवस मावळला नाही अजून," तो म्हणाला आणि उठला.

आधी त्याने गाडी चालू केली. पुढचा ब्रेक दाबून धरला, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. नीट गाडी अशा वेळी धक्का देऊन बंद पडते. ही बंद पडली नाही. आपली घुमत राहिली, जणू तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

मग त्याने दांडीच्या मुळाशी नाणं लावून बघितलं. नाण्याची कड शिरेना. नख शिरेना. धाकटा चमकला. अर्ध्या नाण्याची फट त्याने ठेवली होती. प्लेटा झिजल्या की फट कमी होते, कबूल. पण एवढी? तो वाकून इंजिनकडचा नट बघायला गेला. खिळ्याची रेघ होती तिथेच होती.

तो उभा राहिला. वर, मुठीजवळ, केबल ताणायची दुसरी छोटी चक्री असते. हाताने फिरते, पाना लागत नाही. ती चक्री पाच आटे बाहेर आली होती. आणि तिच्या खाचांमधून पिवळं काहीतरी बसलं होतं. त्याने नखाने खरवडलं. बोटांत चुरलं. वास घेतला.

मेण.

धाकट्याने थोरल्याकडे बघितलं नाही. मेणाची ती बारीक गोळी त्याने सदऱ्याच्या खिशात टाकली आणि पाना उचलला.

तेल काढलं तेव्हाच जळका वास आला. कव्हरचे बोल्ट काढले, क्लचचे चार स्प्रिंग सोडले, आणि प्लेटा एकेक करून फडक्यावर मांडल्या. लोखंडी प्लेटांवर निळे डाग, घासायच्या प्लेटा काळ्या ठिक्कर, कडेचा मसाला निम्मा उडालेला.

"निळ्या कशाने झाल्या?" थोरल्याने विचारलं.

"तापून. घसरत राहिल्या की तापतात."

"किती दिवसांत होतं असं?"

"चार-सहा महिने."

"म्हणजे बघणाऱ्याला आधीच कळत असेल."

धाकटा उठला. आत गेला, फळीवरच्या डब्यांमागून नव्या प्लेटांचा खोका काढून आणला. याच गाडीच्या प्लेटा. तीन महिन्यांपूर्वी आणलेल्या. त्या दिवशीच बसवल्या असत्या तर काम मिटलं असतं. म्हणूनच बसवल्या नव्हत्या.

थोरल्याने खोका हातात घेतला. वरून एक बोट ओढलं. धुळीत लांबलचक रेघ उमटली. त्याने बोटाकडे बघितलं.

"धूळ बरीच बसते इथे."

"गिरणी शेजारी आहे."

"हे पीठ नाही. धूळ आहे."

नव्या प्लेटा बसवायच्या आधी तेलात बुडवून ठेवाव्या लागतात. निदान अर्धा तास. घाई करणारे मिस्त्री तो अर्धा तास खातात. धाकट्याने खाल्ला नाही, आणि त्या अर्ध्या तासात हाताला करायला काही उरलं नाही. दोघं भाऊ तेलाच्या थाळीच्या दोन बाजूंना बसले. थाळीत प्लेटा शांत पडलेल्या. वारा पत्रा उचलून आपटत होता.

"वरची चक्री पाच आटे बाहेर होती," धाकटा थाळीला म्हणाला.

"असेल."

"मेण होतं तिच्यात."

थोरल्याने आपले हात बघितले. नखांच्या कडा पिवळ्या. हात त्याने मांडीखाली घेतले. "माशा बसत असतील."

"चक्री फिरवायला?"

थोरल्याने हनुवटीने इंजिनकडे दाखवलं. मग म्हणाला, "आणि खालचा नट? त्याला तर मी शिवलो पण नव्हतो. पाना नाही माझ्याकडे."

"माहीत आहे."

"तरी मी म्हणतो! मी आपला एक आटा फिरवायचो, पहिल्या वळणावर, दगडापाशी थांबून. दुसऱ्या दिवशी गाडी अशी बोंबलायची की मलाच भीती वाटायची. म्हटलं एका आट्याने एवढं कसं होतं?"

"मलाही तेच वाटायचं. अर्धाच तर घेतो, मग इतकी का घसरते?"

"म्हणजे मी वरून ओढतोय..."

"...आणि खालून मी."

थोरल्याच्या घशातून एक आवाज आला. हसण्यासारखा, पण मध्येच अडकलेला. धाकट्यालाही हसू फुटायच्या बेतात आलं. दोन म्हातारे होऊ घातलेले भाऊ, एकमेकांपासून चोरून एकाच दोरीची दोन टोकं ओढत बसलेले! तेवढ्याच सैल क्षणी धाकट्याला वाटलं, आता बोलून टाकावं.

"त्या दिवशी मी..."

"प्लेटा भिजल्या का बघ," थोरला म्हणाला.

भिजल्या होत्या.

काम मात्र धाकट्याने असं केलं की आयुष्यात तसं केलं नसेल. लोखंडी प्लेटा नव्या, घासायच्या नव्या, एकाआड एक. चार स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे, एकही तिरका ओढला जाणार नाही असे. कव्हरखाली नवं पॅकिंग. नवं तेल. खालच्या नटावरची खिळ्याची रेघ त्याने कानशीने घासून काढली. वरची चक्री पार आत घेतली. मग खिशातून नाणं काढून दांडीच्या मुळाशी सरकवलं. अलगद आत गेलं, अलगद बाहेर आलं.

गाडी चालू करून ब्रेक दाबला, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी एक धक्का देऊन गप्प झाली.

"अशी बंद पडली की नीट," धाकटा म्हणाला.

थोरल्याने पोतं बांधलं. दोर दोनदा ओढून बघितला. दोर घट्टच होता. मग गाडीवर बसून, किक न मारता, आरशाकडे बघत विचारलं, "आता कधी आणायची?"

आणि धाकट्यातला मिस्त्री, जो सहा महिने खोटं बोलून बोलून कंटाळला होता, छाती काढून खरं बोलला, "आता वर्षभर बघायला नको."

"वर्षभर."

"तेल तेवढं बदलायचं. ते काय, वर माळावरच बदलता येईल."

"बरं झालं," थोरला म्हणाला. आणि गेला.

धाकटा रस्त्याच्या मधोमध उभा राहून ऐकत राहिला. पहिलं वळण. थोरल्याच्या थांबण्याचा दगड. मूठ पिळली तशी गाडी उचलली, इंजिन आणि चाक एका दमात. दुसरं वळण. तिसऱ्या वळणावर गिअर बदलल्याचा आवाज आला, स्वच्छ. मग नुसता वारा.

"चढली?" गिरणीवालीने विचारलं.

"चढली."

"म्हणजे जात नाहीत तिकडे. मग तोंड असं का केलंय?"

"कधी आणायची म्हणून विचारलं त्याने. मी म्हटलं वर्षभर नको."

गिरणीवालीने आत जाऊन गिरणी बंद केली. पट्टा फडफडत थांबला. तिला जे सांगायचं होतं ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

"भाऊ, गाडीचं तुम्हाला खालच्या खाली बसून ऐकू येतं, हो. तीन वळणांवरचं. आणि माणूस दोन हातांवरून काय विचारत होता ते नाही आलं?"

पुढच्या बाजाराला थोरला आला. साखर घेतली आणि गॅरेजवरून गेला. आता तो नाकासमोर बघत नव्हता. त्याने डावा हात उचलला, धाकट्यानेही हातातला पाना उचलला. पण गाडी थांबली नाही. कशाला थांबेल? धाकट्याला एवढंच दिसलं की थोरल्याची बोटं क्लचवर टेकलेली नाहीत. गाडी चालवावी तर अशी. त्यानंतरच्या बाजारालाही तसंच झालं. तिसऱ्या आणि चौथ्या बाजाराला धाकट्याने खोक्यावर तेलाचे डबे ठेवले, कारण रिकामा खोका डोळ्यांसमोर नको होता.

पाचव्या बाजाराच्या दिवशी धाकट्याने सकाळीच गॅरेजला कुलूप लावलं. सवयीने खिशात दहा नंबरचा पाना टाकला होता. कुलूप परत उघडलं, पाना आत फळीवर ठेवला. पाना बरोबर असता तर तो गाडी बघून परत आला असता.

चढायला त्याला दीड तास लागला. पहिल्या वळणावरचा तो दगड त्याने बघितला. बसायला चांगला होता, एका माणसापुरता. त्याच्याभोवती विझलेल्या विड्यांची पाच-सहा थोटकं पडली होती. म्हणजे चक्री फिरवायला क्षणभर लागत असेल, बाकीचा वेळ थोरला इथे नुसताच बसत असेल, खाली पत्र्याकडे बघत.

वर पेट्यांच्या रांगेत थोरला जाळी घालून उभा होता. धाकट्याला बघून त्याने धुराची डबी खाली ठेवली.

"काय झालं?"

"काही नाही."

"गाडी नीट आहे."

"माहीत आहे. खाली ऐकू येते."

माशांचा आवाज चहूकडून येत होता.

"मग?"

"दादा," धाकटा म्हणाला. चार वर्षं गिळलेला शब्द, बाहेर येताना त्याला धाप लागली. चढाचीही असेल. "दादा, त्या दिवशी अंगणात मी बोललो ते..."

"पाणी पी आधी."

थोरल्याने घरातून तांब्या आणून दिला. धाकटा पाणी प्यायला. थोरला परत पेटीकडे वळला, झाकण उचललं, बघितलं, बसवलं. परत उचललं. पाठमोराच म्हणाला, "दोन दिवस आधी आणायलाच हवं होतं. ती म्हणत होती. मीच म्हटलं, उद्या बघू." झाकण बसलं. "हे तू सांगायला हवं होतंस, असं काही नव्हतं."

धाकट्याने तांब्या खाली ठेवला. दुपारपर्यंत दोघं पेट्यांना साखरपाणी देत राहिले. थोरल्याने त्याला मिस्त्री म्हटलं नाही. धाकट्याही म्हटलं नाही. धाकटा उतरायला निघाला तेव्हा थोरला म्हणाला, "सोडू का गाडीवरून?" धाकटा म्हणाला, "नको, उतार आहे."

आता कोणी किती भरलं ते बघायचं तर असं. क्लचचा एक जुना संच जळाला. एक नवा तीन महिने धूळ खात पडला. पोरगी पैज हरली. धाकट्याचे गुडघे दोन दिवस दुखले, आणि ते दर दुसऱ्या बाजाराला दुखणार होते, कारण आता चढायची पाळी त्याची होती. थोरल्याने चार वर्षं स्वतःवरचा राग भावाच्या नावावर ठेवला होता, तो उतरवून परत आपल्या अंगावर घेतला. आणि सगळ्यांच्या आधी, जी वहिनी "उद्या बघू" ऐकून पाठ फिरवून निजली, तिने एकटीने पुरतं भरलं होतं.